साठीनंतरचें कुतूहल

पेन्शन घेऊन घरीं बसलेल्या माणसांचे, आमच्या अवलोकनाप्रमाणें, दोन वर्ग पडतात. एका वर्गाचा दिवस ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ या वाक्यानें उगवतो. दुसऱ्या वर्गाचा ‘आज नवीन काय?’ या प्रश्नानें. आम्ही पहिल्या वर्गांतले. १९७४ सालीं जुन्या अकरावीची परीक्षा देऊन, पुढें वाईस शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून जें व्याकरण घोकलें, त्याच्याच बळावर पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. अडीच हजार वर्षांपूर्वींचें सूत्र ज्याला कालपरवांचें वाटतें, त्यानें नव्याचें कौतुक करावें अशी अपेक्षा कोणी करूं नये, आणि आमच्या घरांत कोणी करीतही नाहीं.

आमचे धाकटे बंधू मात्र निखालस दुसऱ्या वर्गांतले. १९८३ सालीं ते मुंबईंत एका मोठ्या कचेरींत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामावर लागले. प्रोग्रॅम म्हणजे यंत्रानें कोणतें काम कोणत्या क्रमानें करावें हें सांगणारी आज्ञावली, एवढें आतां लहान मुलांसही ठाऊक असतें; पण त्या काळीं ही आज्ञावली पुठ्ठ्याच्या कार्डांना भोंकें पाडून यंत्राला चारावी लागे, आणि एक स्वल्पविराम चुकला तर त्याचा निकाल दुसऱ्या दिवशीं हातीं येई. चाळीस वर्षें हा व्यवसाय करून ते पांचगणीस एकत्र कुटुंबांत परत आले, तेव्हां घरांतल्या मंडळींनीं मनाशीं ठरविलें कीं, आतां हे टेबललँडवर फिरावयास जातील, दुपारीं झोप घेतील आणि संध्याकाळीं थोरल्या भावाशीं वाद घालतील. यांपैकीं तिसरी गोष्ट तेवढी घडली. पहाटे चार वाजतां त्यांच्या खोलींत दिवा दिसतो, आणि तो पोथीसाठीं नसतो.

ज्या विद्येंत पांच वर्षांपूर्वींचें ज्ञान शिळें होतें म्हणतात, ती चाळीस वर्षें उपसल्यावर माणसास तिचा वीट यावयास हवा. आम्हीं त्यांस तसें एकदां विचारलें. ते म्हणाले, ‘दादा, आमच्या धंद्यांत नवें म्हणून जें येतें तें पुष्कळदां जुनेंच असतें. पूर्वीं त्याची वेळ आलेली नसते, एवढेंच. तें पुन्हा आलेलें पाहिलें कीं झोप लागत नाहीं.’ हें उत्तर आम्हांस फार आवडलें, कारण तें आमच्या वर्गाच्या सोयीचें होतें. परंतु जें उत्तर सोयीचें असेल तें अधिक तपासून घ्यावें, ही पाठशाळेची शिस्त. गेल्या दोन पावसाळ्यांत आम्हीं तें तपासलें, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

आरंभ छंदःशास्त्रापासून झाला. एका रात्रीं नातीला वृत्तें शिकवितांना आम्ही सांगत होतों कीं, लघु आणि गुरु अशीं दोनच प्रकारचीं अक्षरें. तेव्हां सहा अक्षरांच्या चरणाचे किती प्रकार संभवतात, तर ६४. आणि शार्दूलविक्रीडिताप्रमाणें एकोणीस अक्षरांचा चरण घेतला, तर ५,२४,२८८. तिनें विचारलें, ‘आजोबा, एवढे मोजले कोणीं?’ मग पिंगलाची रीत तिला दाखविली. सहाचा आंकडा घ्यावा. सम आहे, म्हणून निम्मा करावा आणि बाजूला ‘वर्ग’ अशी खूण करावी; राहिले तीन. विषम आहे, म्हणून एक वजा करून ‘दुप्पट’ अशी खूण करावी, राहिले दोन. पुन्हा निम्मे, ‘वर्ग’, राहिला एक. एक वजा, ‘दुप्पट’, राहिलें शून्य. आतां शेवटच्या खुणेपासून उलट चालावें. एकाची दुप्पट दोन, दोनाचा वर्ग चार, चाराची दुप्पट आठ, आठाचा वर्ग चौसष्ट. एकोणीस अक्षरांसही अशा सात पायऱ्या पुरतात.

बंधू पलीकडे जेवत होते, ते हात तसाच ठेवून उठून आले. पाटीवरची आंकडेमोड पाहून म्हणाले, ‘हें मी चाळीस वर्षें लिहीत आलों आहें!’ त्यांच्याकडून जें कळलें तें असें. १९७७ सालीं अमेरिकेंत तीन गणितज्ञांनीं गुप्त संदेशाची एक रीत काढली, आणि संगणकांवरील पुष्कळसे व्यवहार पुढें तिच्या आधारें गुप्त राहूं लागले. तींत एखाद्या संख्येचा फार मोठा घात करावा लागतो; घाताचा आंकडाच सहाशेंहून अधिक अंकांचा असूं शकतो. एकेक गुणाकार करीत बसलें तर विश्वाचें आयुष्य पुरणार नाहीं. तेथें हीच निम्मे करण्याची आणि वर्ग करण्याची युक्ति वापरतात, आणि काम क्षणांत होतें. वृत्तें मोजण्याची दोन हजार वर्षांपूर्वींची रीत आजच्या पेढीच्या कुलुपांत बसलेली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. आमच्या पूर्वजांनीं संगणक शोधून ठेविला होता, असें म्हणणाऱ्या मंडळींत वाचकांनीं आम्हांस बसवूं नये. पिंगलाला यंत्र नको होतें. त्याला वृत्तें मोजावयाचीं होतीं. पण नेमकेपणानें मोजण्याची रीत एकदां कोणीं सांगितली, म्हणजे ती कोणत्या काळीं कोणाच्या उपयोगीं पडेल याचा नेम नसतो.

पाणिनीच्या बाबतींतही असेंच झालें. अष्टाध्यायीची सुमारें चार हजार सूत्रें आम्ही लहानपणीं घोकलीं तीं केवळ पाठांतर म्हणून. त्यांत यंत्रज्ञाला पाहण्यासारखें काय असावें? बंधूंनीं आम्हांकडून तें ऐकून घेतलें. चौदा सूत्रांत वर्ण अशा क्रमानें मांडले आहेत कीं, ‘अच्’ म्हटलें म्हणजे सगळे स्वर आणि ‘हल्’ म्हटलें म्हणजे सगळीं व्यंजनें. एका सूत्रांतलें पद पुढच्या सूत्रांत न उच्चारतां चालत येतें, ती अनुवृत्ति. सामान्य नियम एकदां सांगावा आणि त्याला अपवाद वेगळा द्यावा, हा उत्सर्ग आणि अपवाद. बंधू प्रत्येक गोष्टीवर मान डोलावून म्हणत, ‘हें आमच्याकडे आहे. हेंही आहे.’ १९६० च्या सुमारास अल्गोल नांवाच्या संगणकभाषेचें व्याकरण लिहितांना जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांनीं नियम मांडण्याची एक पद्धति रूढ केली. १९६७ सालीं इंगरमन नांवाच्या गृहस्थांनीं व्यवसायाच्या मासिकांत पत्र लिहून सुचविलें कीं, हिला पाणिनीचेंही नांव द्यावें. आणि हा विषय अजून जिवंत आहे. दोन सूत्रें एकाच ठिकाणीं लागूं पाहतात तेव्हां कोणतें घ्यावें, या जुन्या प्रश्नावर २०२२ सालीं केंब्रिज विद्यापीठांत ऋषि राजपोपट या तरुण अभ्यासकाचा प्रबंध प्रसिद्ध झाला. परंपरा म्हणते, पुढचें सूत्र प्रबळ; हे म्हणतात, शब्दाच्या उजव्या भागास लागणारें सूत्र प्रबळ. जाणत्यांत याविषयीं मतभेद आहेत, आणि आमचा कल परंपरेकडे आहे. बंधूंनीं मात्र चार दिवस खपून दोन्ही मतें यंत्राला शिकविलीं आणि आमच्याकडून शब्दरूपें घेऊन पडताळलीं. साठी उलटलेले दोघे भाऊ रात्रीं अकरा वाजतां ‘रामाभ्याम्’ या रूपावरून हमरीतुमरीवर आलेले पाहून सूनबाईंनीं मुलांना आंतल्या खोलींत नेऊन निजविलें.

यंत्राला असे नियम सांगून चालविणें हा संगणकविद्येंतला एक पंथ झाला. दुसरा पंथ नियम सांगत नाहीं; तो उदाहरणें दाखवितो. भाताचें एक शीत चेपून साऱ्या भांड्याची परीक्षा करणें याला आमच्यांत स्थालीपुलाकन्याय म्हणतात. या पंथाचें यंत्र अशीं लाखों शितें चेपतें आणि न पाहिलेल्या शितांविषयीं अनुमान बांधतें. मेंदूंतील तंतूंचें गणिती चित्र १९४३ सालींच काढलें गेलें होतें; १९५८ सालीं अमेरिकेंत रोझेनब्लाट यांनीं तशा बेताचें शिकणारें यंत्र मांडलें, आणि वर्तमानपत्रांनीं त्याचा मोठा गाजावाजा केला. १९६९ सालीं मिन्स्की आणि पेपर्ट या दोघांनीं पुस्तक लिहून त्याच्या मर्यादा दाखविल्या, आणि पुष्कळांनीं त्या विषयाकडे पाठ फिरविली. १९८६ सालीं चुकीपासून मागें मागें जाऊन दुरुस्ती करण्याची रीत लोकांपुढें आली. तरीही यंत्रें तोकडीं पडत. पुढें संगणकावरील खेळांत चित्रें भराभर हलावींत म्हणून ज्या चिपा बनविल्या होत्या, त्याच या कामास उपयोगी पडल्या; शिकविण्यास उदाहरणेंही इंटरनेटवर अमाप मिळूं लागलीं; आणि २०१२ सालीं चित्रें ओळखण्याच्या एका स्पर्धेंत या जुन्या कल्पनेनें बाकीच्यांना मागें टाकलें. २०१७ सालीं तिला नवी बांधणी मिळाली, आणि आज जीं यंत्रें माणसाप्रमाणें वाक्यें जुळवितात तीं त्या बांधणीचीं आहेत. २०२४ सालीं हॉपफील्ड आणि हिंटन या दोन वृद्धांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां बंधूंनीं घरांत पेढे वाटले. कोणाचा कोण, असें आमच्या कुटुंबानें विचारलें. पण पेढे सर्वांनीं खाल्ले.

एवढें होईपर्यंत हा सगळा विद्वत्तेचा खेळ होता. घरावर त्याचा परिणाम झाला तो माळ्यावरच्या एका बोचक्यामुळें.

आमचें मूळ घर वाईच्या बाजूचें. त्या घरांतून आलेला मोडी कागदांचा एक रुमाल आमच्याकडे आहे. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा रुमाल असेल. आमच्या तीर्थरूपांस मोडी येत असे. ते १९९१ सालीं वारले, आणि त्यांच्याबरोबर घरांतलें मोडीचें ज्ञान गेलें. आम्ही संस्कृताचे, म्हणजे बाळबोधाचे. मोडी आमच्या वाट्यास आली नाहीं. बोरू न उचलतां लिहिलेली ती धांवती लिपि. शिरोरेषा आधीं एका फटक्यांत ओढलेली, शब्दांशब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. १८१० सालीं विल्यम केरी यांनीं श्रीरामपुरास मराठीचा कोश छापला तो मोडी ठशांत; पण पुढें छापखान्यांनीं बाळबोधच धरिली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारांतून गेली. ज्या लिपींत पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद लिहिले गेले, आणि ज्या लिपींतल्या कागदांसाठीं राजवाडे गांवोगांव हिंडले, ती आज सुशिक्षित घरांतही वाळवीची भाषा होऊन बसली आहे.

संगणकांत तर मराठीचे आधींच हाल होते. बंधू सांगतात कीं, एके काळीं प्रत्येक टंकाचा संकेत निराळा असल्यामुळें पुण्यास लिहिलेलें पत्र साताऱ्यास उघडलें तर भलतींच अक्षरें दिसत. युनिकोड नांवाच्या सर्वमान्य संकेतानें ती अडचण मिटविली. त्यांत समाविष्ट झालेल्या प्रत्येक लिपीच्या चिन्हांना एकेक कायमचा क्रमांक असतो. बाळबोध ‘क’ चा क्रमांक २३२५, मग यंत्र कोणत्याही देशांतलें असो. आणि २०१४ सालीं या यादींत मोडीलाही जागा मिळाली. अंशुमन पांडे या अभ्यासकांनीं तिचा प्रस्ताव मांडला होता. मोडीचीं ७९ चिन्हें मान्य झालीं. मोडी ‘क’ चा क्रमांक ७११८२. हा आंकडा बंधूंनीं आम्हांस सांगितला तेव्हां आम्हांस क्षणभर एखाद्या परागंदा झालेल्या नातलगाचें नांव शिधापत्रिकेवर पुन्हा चढल्यासारखें वाटलें.

या क्रमांकांच्या जोरावर बंधूंनीं मोडी वाचणारें यंत्र घरीं शिकवावयास घेतलें. मोडी टंकांत हजारों ओळी यंत्राकडूनच छापवून घेतल्या. कांहीं पानें नातीनें व त्यांनीं मुळाक्षरें पाहून बोरूनें लिहिलीं. रुरकीच्या तंत्रविज्ञान संस्थेनें २०२५ सालीं मोडीचें बाळबोध करण्याचें काम प्रसिद्ध केलें, त्यांतली दोन हजारांहून अधिक चित्रेंही त्यांनीं अभ्यासिलीं. यंत्र म्हणाल तर तळहाताएवढी एक हिरवी पट्टी. इंग्लंडांत २०१२ सालीं शाळकरी मुलांसाठीं असे स्वस्त संगणक निघाले, त्यांचें नांव रास्पबेरी. आमच्याकडे ज्या फळीवर रासबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या असतात, त्याच फळीवर तो ठेविला असल्यामुळें घरांत कांहीं काळ घोटाळा झाला. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक चालूं झाला, आणि ज्याला १९६२ सालीं टिफ्रॅक असें नांव मिळालें, त्यानें मोठी खोली व्यापली होती आणि त्याच्या स्मृतींत सुमारें दोन हजार संख्या मावत. बरणीशेजारच्या या पट्टींत त्याच्या लाखों पट मावतें. बंधूंस सर्वांत आनंद होता तो याचा कीं, हें यंत्र परगांवच्या कोणा मोठ्या यंत्राला विचारावयास जात नाहीं. आषाढांत पांचगणीला पाऊस लागला, झाडें पडलीं, तीन दिवस वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलीं, तरी मोटारीच्या बॅटरीवर तें वाचीत होतें. शिवाय घरचे कागद घरांत राहिले. हा विचार आम्हांस पटला. कुळाचा कागद परक्याच्या ओसरीवर कोणी वाचावयास टाकीत नाहीं.

वाचलेल्या कागदांत एक कागद शके १८०२ चा, म्हणजे १८८० सालचा निघाला. त्याचा विषय समजण्यासाठीं घरांतली एक जुनी सल सांगितली पाहिजे. आमच्या पणजोबांस एक बालविधवा बहीण होती. १८७६-७७ च्या दुष्काळांत तिचे दागिने, दोन पाटल्या आणि एक सरी, पणजोबांनीं सावकाराकडे गहाण टाकले. घर जगलें, दागिन्यांचें पुढें काय झालें तें कोणी सांगत नसे. आमच्या आत्याबाई आज नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांनीं आपल्या आजीच्या तोंडून ही गोष्ट ऐकिली, तीही हलक्या आवाजांत. ती बहीण जन्मभर याच घराच्या चुलीपुढें राबली आणि एके दिवशीं गेली. घरांत तिला सर्व ‘अक्का’ म्हणत. तिचें खरें नांवही मागें उरलें नाहीं.

यंत्रानें तो कागद वाचला. त्यांत दागिन्यांचा उल्लेख होता, आणि पुढें स्वच्छ बाळबोधांत अक्षरें उमटलीं कीं, दागिने सोडवून परत दिले. घरांत आनंद झाला. आत्याबाईंस वाचून दाखविलें तेव्हां त्यांनीं डोळ्यांस पदर लावला आणि देवापुढें साखर ठेवावयास सांगितली. दीडशें वर्षांचें ओझें उतरलें अशी घरांतली भावना होती.

दुसऱ्या दिवशीं पहाटे बंधू मूळ कागद घेऊन बसले. सकाळीं आम्ही स्नान करून आलों तों ते म्हणाले, ‘दादा, येथें पहा.’ कागदाच्या मध्यभागीं अर्ध्या तळहाताएवढें भोंक होतें. ज्या ठिकाणीं यंत्रानें ‘सोडवून परत दिले’ असें वाचलें होतें, त्या ठिकाणीं कागदच नव्हता. वाळवीनें तो केव्हांच खाल्लेला.

आम्हीं विचारलें, ‘मग अक्षरें आलीं कोठून?’ त्यांनीं समजावून सांगितलें तें असें. उदाहरणांवरून शिकलेलें यंत्र प्रत्येक जागीं कोणतें अक्षर अधिक संभवतें याचा हिशेब करतें. शिकतांना पाहिलेल्या मजकुरांत गहाणाच्या मागोमाग सोडवणूक येत असे. म्हणून भोंकाशीं आल्यावर त्यानें थांबण्याऐवजीं नेहमींचें वाक्य पुरें केलें. लाकूड पोखरतांना किड्याच्या हातून एखादें अक्षर उमटावें, याला शास्त्रकार घुणाक्षरन्याय म्हणतात. तेथें किड्यानें अक्षर कोरलें तरी असतें. येथें किड्यानें अक्षर खाल्लें आणि यंत्रानें तें कल्पनेनें परत आणून ठेविलें.

आत्याबाईंस हें सांगावें कीं न सांगावें, यावर घरांत दोन तट पडले. सूनबाईंचें म्हणणें, नव्वदीच्या माणसाचें समाधान कशाला मोडावें? खोटें कोणी बोललें नाहीं, यंत्र बोललें. आमच्या कुटुंबाचाही तोच कौल. बंधू म्हणाले, ‘यंत्र मी बसविलें आहे, तेव्हां तें जें बोलतें तें मीच बोलतों.’ आणि ते स्वतः आत्याबाईंच्या खोलींत गेले. आम्हीही मागोमाग गेलों. त्यांनीं कागद त्यांच्या हातांत दिला आणि भोंकांतून बोट घालून दाखविलें. आत्याबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘अरे, फाटलें आहे तें फाटलेलेंच वाचावें. इतकीं वर्षें ठाऊक नव्हतें. आणखी थोडे दिवस नसलें तर काय अडलें? पण उरलेला कागद तरी नीट वाच.’

उरलेला कागद नीट वाचण्यासाठीं बंधूंनीं जी योजना केली, तींत आमचाही थोडा हात लागला, आणि आमच्या मतें ती त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामांत सर्वांत चांगली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढली. १९१९ सालीं आरंभिलेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. त्या आवृत्तींत जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ छापिली आहे. बाराशेंहून अधिक पोथ्या तपासणारे पंडित, पण जेथें खात्री नव्हती तेथें त्यांनीं तसें रेघेनें सांगून ठेविलें. आमच्याजवळचा एक खंड आम्हीं बंधूंपुढें उघडून ठेविला आणि विचारलें, ‘तुमच्या यंत्राला ही रेघ येते कां?’

ते पाहतच राहिले. मग म्हणाले, ‘दादा, यंत्राजवळ संशय असतोच. प्रत्येक अक्षराला तें आंतल्या आंत खात्रीचा आंकडा देतें. आपण फक्त पहिला नंबर छापतों आणि बाकीचें टाकून देतों. संशय होता, तो कागदावर उतरविण्याची सोय मीं केली नव्हती.’ आठ दिवसांत ती सोय झाली. ज्या अक्षराची खात्री शंभरांत नव्वदाहून कमी, त्याखालीं नागमोडी रेघ. भोंकांसाठीं उपाय आमच्या वहिनींनीं सुचविला: कागदाखालीं गडद निळा खण पसरून छायाचित्र घ्यावें, म्हणजे जेथें निळें दिसेल तेथें कागद नाहीं. एवढा नियम बंधूंनीं वरून घातला. निळ्या जागीं यंत्रानें अनुमान करावयाचेंच नाहीं, टिंबें द्यावयाचीं. अनुमान करणारें यंत्र आणि त्याला अडविणारा नियम, दोन्ही पंथ एका पट्टींत नांदूं लागले. उत्सर्ग आणि अपवाद यांचें हें नातें आम्हांस नवें नव्हतें.

तो कागद पुन्हा वाचला. निम्म्याहून अधिक ओळींखालीं नागमोडी रेघ आली, मध्यें टिंबांचें तळें पडलें, आणि दागिन्यांचें काय झालें तें आजही कळलेलें नाहीं. पण वरच्या भागांत, जेथें दागिने कोणाचे तें लिहिलें होतें, तेथें एक नांव होतें. त्याखालीं रेघ नव्हती. बंधूंनीं मोडी मुळाक्षरें समोर ठेवून अक्षर न् अक्षर हातानें पडताळलें, नातीनें वेगळें पडताळलें, साताऱ्याहून आलेल्या एका जाणत्या वाचकांनीं तिसऱ्यानें पाहिलें. सर्वांचें वाचन एक. तें नांव घरांतलें आहे, म्हणून येथें लिहीत नाहीं. गेल्या भाद्रपदांत, पितृपक्षांत, तर्पणाच्या वेळीं तें आमच्या घरांत प्रथम उच्चारलें गेलें. आत्याबाई दारांत पाट टाकून बसल्या होत्या.

बंधूंचें कुतूहल कशावर टिकलें आहे, तें आतां आम्हांस थोडें कळूं लागलें आहे. यंत्राचा वेग पाहून जो थक्क होतो तो वर्षभरांत कंटाळतो, कारण पुढच्या वर्षीं दुसरें यंत्र याहून वेगवान असतें. यंत्र आंत काय करतें हें ज्याला पाहावयाचें असतें, त्याला पिंगल, रोझेनब्लाट आणि भांडारकर संस्थेचे पंडित एकाच पंक्तीला बसलेले दिसतात, आणि त्या पंक्तींत म्हातारपणाची अडचण होत नाहीं. मात्र असा माणूस घरांत असावा लागतो. तो नसता तर आमच्या घरानें वाळवीच्या भोंकांतलें वाक्य खरें धरून पुढच्या पिढीच्या हातीं दिलें असतें.

म्हणूनच आमच्या नातीनें यंत्र घरांत असतांनाही मोडी शिकण्यास घेतली आहे. रोज अर्धा तास ती बोरूनें कित्ता गिरविते आणि रविवारीं यंत्राच्या नागमोडी रेघा तपासते. गेल्या महिन्यांत तिनें त्याच्या अकरा चुका काढल्या, आणि बंधूंनीं त्या यंत्राला शिकविल्या. वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, आपल्या माळ्यावर रुमाल असेल तर तो हा पावसाळा संपतांच कोरड्या उन्हांत सोडावा, प्रत्येक पानाचें छायाचित्र खालीं गडद कापड घालून घ्यावें, आणि घरांतल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला मोडीचीं मुळाक्षरें आणून द्यावींत. भोंकें असतील तीं बुजवूं नयेत.